मलाखी तीन दहाच्या पाच वचनं आधी

आमच्या चर्चमध्ये दरवर्षी हंगामाची उपकारस्तुती असते. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना ऊस बांधलेला, खाली भोपळे, केळीचे घड, आजऱ्याकडच्या कुणीतरी आणलेला घनसाळ तांदूळ, एखादी कोंबडी पाय बांधून ठेवलेली आणि ती बरोबर उपदेशाच्या वेळी ओरडणार. उपासना झाली की अंगणात लिलाव. ज्यांच्या गावी सुगी हा प्रकार नाही त्यांना सांगतो, हा लिलाव म्हणजे बाजार नव्हे, वीस रुपयांची पपई दोन-अडीच हजाराला जाते आणि घेणारा ती पपई तिथंच कापून सगळ्यांना वाटतो, पैसे चर्चच्या खात्यात. मला हा दिवस लहानपणापासून आवडतो. आजी दर वर्षी शेंगांची पाटी घेऊन यायची, आणि घरात तिचा एक डबा असायचा, भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ त्या डब्यात, महिनाअखेर डबा पाळकसाहेबांच्या घरी. मिझोराममधल्या चर्चमध्ये हीच पद्धत १९१० पासून चालू आहे आणि त्या मूठमूठ तांदळावर तिथं मोठमोठी कामं उभी राहिलीत हे मला फार नंतर कळलं, आजीला तर ते कधीच माहीत नव्हतं.

तर मागच्या वर्षीच्या लिलावात गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, मी सात हजाराला घेतला. टाळ्या पडल्या. एका वडील मंडळींनी पाठीवर हात ठेवून म्हणलं, देव शंभरपट परत देईल बघ. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

मी चर्चचा खजिनदार आहे, सहा वर्षं झाली. दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्यावर, बोलायचं असलं की मलाच उभं करतात आणि मी दर वेळी बायबलच्या जुन्या करारातलं मलाखी ३:१० घेतो, सगळेच घेतात. सगळा दशांश भांडारात आणा, मग मी आकाशाच्या खिडक्या उघडून आशीर्वाद ओततो की नाही बघा. हे वचन मला तोंडपाठ आहे. लिलावानंतरच्या आठवड्यात एका घरी प्रार्थना होती, परत तोच विषय, परत मीच. त्या दिवशी संध्याकाळी वर्कशॉपमध्ये लाइट गेलेली म्हणून पोरांना लवकर सोडलं आणि मी केबिनमध्ये बसून मोबाईलच्या उजेडात अध्याय पहिल्यापासून वाचायला लागलो, टाइम होता म्हणून, दुसरं काही कारण नाही.

पाचव्या वचनावर थांबलो.

तिथं देव म्हणतो की मी न्याय करायला तुमच्याजवळ येईन आणि साक्षी देईन, आणि मग कुणाविरुद्ध त्याची यादी आहे. जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ घेणारे, आणि लगेच त्याच दमात मजुराची मजुरी दाबून त्याच्यावर जुलूम करणारे, विधवेवर, पोरक्यावर जुलूम करणारे, परक्याचा हक्क बुडवणारे. मग सातव्या वचनात लोक विचारतात आम्ही कसं परत फिरायचं, आणि मग कुठं आठ-नऊ-दहामध्ये दशांशाचा विषय येतो. म्हणजे मजुरीचा हिशोब आधी आहे आणि भांडाराचा नंतर. एकाच पानावर, पाच वचनांच्या अंतरावर. मी निदान दहा वेळा त्या पानावर बोट ठेवून बोललोय आणि माझं बोट दर वेळी दहावर.

त्या घरच्या प्रार्थनेत मी दशांशावर बोललो नाही. काय बोलायचं ते सुचेना म्हणून श्रीमंत तरुणाचा उतारा वाचला, मार्कच्या शुभवर्तमानातला, अध्याय १०, तो पण माहितीचाच. आणि तिथंही तेच झालं.

हा उतारा आपण सगळ्यांनी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, चित्र रंगवत ऐकलेला असतो. एक माणूस पळत येतो, येशूसमोर गुडघे टेकतो, उत्तम गुरुजी सार्वकालिक जीवन मिळायला मी काय करू. येशू त्याला आज्ञा सांगतो. खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, ठकवू नको, आईबापांचा मान राख. आता हे मोजून बघा. बाकीच्या पाचही दहा आज्ञांमधल्या आहेत. ‘ठकवू नको’ ही दहा आज्ञांमध्ये नाहीच! मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात पण त्यांच्याकडं हा शब्द नाही, एकट्या मार्कने ठेवलाय. मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ नुसतं फसवणं एवढाच नाही, दुसऱ्याचं जे देणं लागतं ते त्याला न देता स्वतःकडं ठेवून घेणं, आणि मजुराची मजुरी अडवून ठेवणं यासाठी तो वापरला जायचा. पुढं बाविसाव्या वचनात त्याच्याकडं पुष्कळ मालमत्ता होती असं येतं, तिथला शब्द पण बहुतेक करून जमीनजुमल्यासाठीचा. म्हणजे हा माणूस जमीनदार असणार. त्याच्या शेतावर माणसं राबत असणार. येशू त्याला ओळखतोय आणि नेमकी त्याच्या धंद्याची आज्ञा त्याच्यासमोर ठेवतोय, असं मला वाटतं, आणि तो काय म्हणतो, गुरुजी हे सगळं मी लहानपणापासून पाळलंय.

मला वाटतंय तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. कारण जे दाबलेलं असतं ते दाबणाऱ्याच्या वहीत वेगळ्या नावानं लिहिलेलं असतं, म्हणून त्याला ते दिसत नाही. हे मी कशावरून म्हणतो ते खाली सांगतो.

त्याआधी उंटाचं बोलूया कारण या उताऱ्यावर बोललं की कुणीतरी ते काढतंच. धनवानाला देवाच्या राज्यात जाणं किती अवघड, त्यापेक्षा उंटाला सुईच्या नाकातून जाणं सोपं. आम्हाला लहानपणी एका पाहुण्या वक्त्याने सांगितलेलं की यरुशलेमेत ‘सुईचं नाक’ नावाचा एक छोटा दरवाजा होता, रात्री मोठं दार बंद झालं की व्यापारी तिथनं यायचे, उंटावरचं ओझं काढायचं, उंटाला गुडघ्यावर बसवायचं आणि ढकलत आत घ्यायचं. ऐकायला फार छान वाटतं. असा दरवाजा तिथं होता याचा काहीही पुरावा नाही, ही गोष्ट येशूच्या कितीतरी शतकांनंतर लोकांनी लावलेली आहे. आणि दरवाजा असता तर शिष्य एवढे हादरले कशाला असते? ते एकमेकांना म्हणतात मग तारण तरी कुणाचं होणार, आणि येशू म्हणतो माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. अशक्य म्हणालाय तो. थोडं वाकून, थोडं ओझं काढून जमेल असं नाही म्हणाला. हा दरवाजा आपण बांधलाय, आपल्याला जायला सोपं पडावं म्हणून, आणि मी स्वतः युवक संघाला ही गोष्ट सांगितलेली आहे, त्यातले जे कुणी हे वाचत असतील त्यांनी कृपा करून ती विसरावी.

दुसरी पळवाट शंभरपटीची. आता मोबाईलवर रोज एक तरी व्हिडिओ येतो, बीज पेरा, विश्वासाने पेरा, खाली स्कॅन करायचा कोड, शंभरपट मिळेल म्हणून मार्क १०:३० दाखवतात. पूर्ण वाचा ना ते वचन. घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं शंभरपट मिळतील, ‘छळणुकीबरोबर’. तो एक शब्द व्हिडिओत कधीच नसतो. आणि ती घरं म्हणजे काय ते प्रेषितांची कृत्ये आणि रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचला की कळतं, विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना आपापली दारं उघडली म्हणून प्रेषित पौलाला गावोगाव घर मिळालं, आई मिळाली. ती काय व्याजाची स्कीम नव्हती. आमच्या ओळखीतल्या एका विधवा बाईने असल्या व्हिडिओला भिशीचे पैसे पाठवले, मुलाला नोकरी लागावी म्हणून, ती नंतर मला विचारत होती माझा विश्वास कमी पडला असेल का हो. त्या दिवशी मला आलेला राग अजून गेलेला नाही. विधवेने मंदिरात टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन बारक्या नाण्यांची, गोष्ट सांगून लोक असल्या बायकांकडून पैसे काढतात, आणि मार्कमध्ये त्या गोष्टीच्या अगदी आधीचं वचन काय आहे, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सांभाळा! तिथंही परत तेच, आधीचं वचन वाचायचं नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना पैशाचा विषय जरा जास्तच टोचतो, त्याला कारण आहे. अमेरिकन मिशनरी विल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले तेव्हापासून आजपर्यंत आपल्याला एक टोमणा ऐकावा लागतो, पैशासाठी धर्म सोडला. माझ्या आजोबांनी ऐकला, मी शाळेत ऐकला. त्यामुळं आपण देणारे आहोत हे दाखवायची एक भूक आपल्यात असते, फरशी, पंखे, साऊंड, संगमरवरी पाटी. कवी ना. वा. टिळकांचं मला म्हणूनच फार वाटतं. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, घरदार तुटलं, पुढं मिशनमध्ये काम केलं आणि १९१७ मध्ये, मरणाआधी दोनच वर्षं, मिशनचा पगार सोडला. वय झालेलं, तब्येत बरी नाही. आणि स्वतःचं असं ‘देवाचा दरबार’ सुरू केलं, ज्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला दोघंही येशूच्या मागं चालू शकतील. तो टोमणा त्यांनी पाटी लावून परतवला नाही.

आता माझी वही.

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशिन शॉप आहे, तीन लेथ, एक ड्रिलिंग, एक जुनी मिलिंग. शिरोलीकडच्या फौंड्रीतनं कास्टिंग येतं, आम्ही जॉबवर्क करून देतो. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं तेव्हा माझ्याकडं तीन माणसं होती. एप्रिल आणि मे दोन महिने मशिन बंद. मी तिघांना अर्धा पगार दिला आणि त्यावेळी चर्चमध्ये, नातेवाइकांत सगळ्यांना सांगितलं की मी माणसांना वाऱ्यावर सोडलं नाही. लोकांनी कौतुक केलं. आणि ते खरंच होतं त्या दिवसापुरतं, मी ते मदत म्हणूनच दिलेलं, तसं तोंडानं म्हणालो होतो, ‘राहू द्या, परत द्यायचं नाही.’

पण रजिस्टरमध्ये मी ते ‘उचल’ म्हणून लिहिलं.

का लिहिलं? कुठल्यातरी खान्यात लिहायला पाहिजे म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. जूनपासून काम हळूहळू सुरू झालं, पुढं ट्रॅक्टरच्या कास्टिंगला चांगली मागणी आली, दिवाळीपर्यंत आम्ही रात्री आठ-आठपर्यंत मशिन चालवत होतो. आणि दिवाळीच्या बोनसला मी वही उघडली आणि उचल वळती केली, निम्मी बोनसमधनं, निम्मी पुढच्या महिन्यांच्या ओव्हरटाइममधनं. लाल पेनने रेघ मारलेली अजून आहे त्या पानावर, वजा, वजा, वजा, आणि खाली त्यांच्या सह्या. कुणी एक शब्द बोललं नाही. बोलणार कसे, बाहेर काम नव्हतं. त्याच नाताळात मी आईवडिलांच्या स्मरणार्थ चर्चच्या फरशीसाठी एक्कावन्न हजार दिले, पाटी लागली आहे, दाराच्या उजव्या बाजूला.

तर तो तरुण म्हणाला ना, हे सगळं मी पाळत आलोय. मी पण म्हणालो असतो. चोरी केली नाही, खोटी साक्ष दिली नाही, सह्या आहेत.

मार्क एक गोष्ट लिहितो जी मला त्या रात्री झोपू देईना. त्या तरुणाने असं म्हटल्यावर येशूने त्याच्याकडं निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. आख्ख्या मार्कच्या शुभवर्तमानात येशूने अमक्या एका माणसावर प्रीती केली असं नाव घेण्यासारखं लिहिलेलं एवढंच ठिकाण आहे. पेत्राबद्दल नाही, योहानाबद्दल नाही. पैसे सोडू न शकलेल्या, तोंड पाडून निघून गेलेल्या माणसाबद्दल. आणि ती प्रीती केल्यावर मग तो म्हणतो, तुझ्यात एक उणीव आहे, जा, विक, गरिबांना दे, आणि ये, माझ्यामागं चल. म्हणजे हे प्रेमानं बोललेलं आहे. डॉक्टर जसा ज्याच्यावर जीव आहे त्याला खरं सांगतो तसं.

हीच गोष्ट मत्तयातही आहे, त्या उताऱ्यावर इजिप्तमधला अंतोनी नावाचा तरुण, साधारण २७० साली, चर्चमध्ये हे वाचन ऐकून बाहेर पडला आणि वडिलोपार्जित जमीन वाटून टाकली. आणि त्याच्या आधी अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने लिहिलं की प्रश्न पैशाचा नाही, मनातल्या ओढीचा आहे, पैसा चांगल्या कामाला वापरता येतो. मी दोघांचंही वाचलं. अंतोनीसारखं माझ्याच्यानं होणार नाही, घर आहे, दोन मुलींचं शिक्षण आहे, मशिनवर बँकेचं कर्ज आहे. क्लेमेंटचं मला लगेच पटलं आणि लगेच पटलं म्हणून मी त्याच्यावर विसंबलो नाही. मला आधार मिळाला तो जकातदार जक्कयाचा. लूकमध्ये हीच श्रीमंत अधिकाऱ्याची गोष्ट अठराव्या अध्यायात आणि जक्कय लगेच एकोणिसाव्यात. त्याला येशू ‘सगळं विक’ म्हणतच नाही, म्हणतो मला आज तुझ्या घरी उतरायचंय. आणि जक्कय आपणहून उभा राहतो, अर्धं गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट. दान वेगळं आणि परतफेड वेगळी हे त्याला बरोबर कळलं होतं. मी आयुष्यभर परतफेडीच्या जागी दान करत आलो होतो.

चौपट मला झेपणार नव्हतं. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे की जे दाबून ठेवलं ते मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा घालून ज्याचं त्याला दे, आणि मग देवाकडं अर्पण घेऊन ये. तिथंही क्रम तोच. त्या तिघांतल्या मामांचा पगार तेव्हा बारा हजार होता, अर्ध्यानं दोन महिन्यांचे बारा हजार कापलेले, पाचवा हिस्सा चोवीसशे, चौदा हजार चारशे. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘मला तेव्हाच वाटलेलं, पण तुम्ही पाटी लावायच्या आनंदात होता.’ मग तिनंच पाकिटं आणली.

मामा म्हणजे आमचे जुने टर्नर, वय साठीच्या आसपास, गुडघ्यामुळं दोन वर्षांपूर्वी काम सोडलं, उचगावला राहतात. रविवारी उपासनेनंतर गेलो. दारात चपला काढतोय तोवर मामी बाहेर आल्या, आत खाट, भिंतीवर जोतिबाचा फोटो, टीव्हीवर कुस्ती लागलेली.

‘बसा की मालक. कसं काय येणं केलासा?’

मी पाकीट पुढं केलं आणि कशाचं ते सांगितलं. दोन वाक्यात सांगायचं ठरवलेलं, दहा मिनिटं लागली. मामांनी पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या, मला ते आवडलं, त्यांचे होते ते, मोजायलाच पाहिजेत. मग मामींना दिले. मामी म्हणाल्या, ‘त्या दिवाळीला पोरीला आणायचं व्हतं, न्हाई आणलं.’ एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी त्या वाक्याचं काय करू मला कळेना, अजून कळत नाही. चौदा हजार चारशेमध्ये ती दिवाळी येत नाही.

दुसऱ्याचे पैसे मी आधीच दिलेले, तो अजून माझ्याकडंच आहे, मिलिंगवर. तिसरा कळे गावाकडचा, त्याचा पत्ता मामांकडनं घ्यायचा होता. मामांनी सांगितला. मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाले,

‘आणि त्या बारक्याचं काय केलासा?’

मी म्हणलं कुठला बारक्या.

‘बर काढाय, कास्टिंग घासाय होता न्हवं, सत्रा-अठराचा पोरगा. त्याला तर तुमी काय बी दिलं न्हवतं लॉकडाऊनात.’

मला आठवेना. खरंच आठवेना, आणि मग हळूहळू आठवलं, काळा बारीक पोरगा, हाताला कायम चिंधी बांधलेली. तो रजिस्टरवर नव्हता. त्याला मी दर शनिवारी व्हाउचरवर द्यायचो. बंद पडण्याआधीचे शेवटचे आठ-नऊ दिवस त्यानं भरलेले आणि बंद पडल्यावर तो गावाकडं गेला तो गेलाच, ते पैसेसुद्धा राहिले. मी आठवडाभर ज्या वहीकडं बघून रडत होतो, त्या वहीत तो नव्हताच. नव्या करारात याकोब त्याच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो की तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी गेलंय. माझ्या कानी जायला मामा लागले.

त्याचं आडनाव मामांनाही माहीत नव्हतं. राधानगरीच्या पुढं कुठंतरी गाव, बाप धरणाच्या बाजूला गुरं राखायचा, एवढंच. वर्कशॉपमध्ये येऊन सगळी व्हाउचर शोधली, २०२० च्या फायलीत तेरा सापडली, सहीच्या जागी नुसता अंगठा, पहिलं नाव माझ्या अक्षरात.

तीन वेळा जाऊन आलोय. दोन गावं झाली. एका ठिकाणी चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं तसा एक पोरगा पुण्याला हॉटेलात असतो, आईचं घर वरच्या वाडीत आहे. पावसात वर गाडी जात नाही. पाकीट ड्रॉवरमध्ये आहे, वर त्याचं नाव घातलंय, आणि यंदाच्या उपकारस्तुतीच्या आधी एक शनिवार मोकळा आहे, त्या दिवशी वाडीत जाणार आहे. खजिनदारपदाचं मी पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय, लिलावात या वर्षी मी नसेन.